गॅरेजच्या दारात गाडी मात्र सुरू होते

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यांत नकोशी तक्रार कोणती, असं एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीला विचारलं, तर तो इंजिन खोलण्याच्या कामाचं नाव घेणार नाही. इंजिन जाम झालं किंवा गिअरबॉक्स गेला, तर काम मोठं असतं, पण सरळ असतं. बिघाड समोर दिसतो, खर्च सांगता येतो. नकोशी असते ती ‘कधीकधी सुरू होत नाही’ ही तक्रार. सकाळी घरासमोर सेल्फ मारला की नुसता टक् असा आवाज येतो, आणि दुपारी गॅरेजच्या दारात पहिल्याच प्रयत्नात इंजिन चालू. पाळीच्या तापाचा रोगी वैद्याकडे पोचेपर्यंत अंग गार पडावं, तसला हा प्रकार. आज अशी गाडी ऑथराइज्ड सर्व्हिस स्टेशनला नेली की स्कॅनर लागतो, ‘कोड काही दाखवत नाही’ असं उत्तर मिळतं, फार तर बॅटरी बदलली जाते आणि गाडी धुऊनपुसून परत येते. महिन्याभरात पुन्हा टक्. याची दोन कारणं सर्रास सांगितली जातात. गाड्या फार इलेक्ट्रॉनिक झाल्या हे एक, आणि सर्व्हिस सेंटरवाले लुबाडतात हे दुसरं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दुखणं जुनं आहे आणि खोलवरचं आहे. असा लपाछपी खेळणारा दोष सापडायला हत्यारांच्या आधी लागतो तो शोधायचा वेळ, आणि त्या वेळेचे पैसे देणारा कोणीतरी. मोटार दुरुस्तीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात हा वेळ हळूहळू कोणाच्याच खात्यावर राहिला नाही, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात हँडलपासून करायला हवी. मोटारींच्या पहिल्या पिढीला सुरू करायचं म्हणजे पुढच्या बाजूनं लोखंडी हँडल घालून हातानं इंजिन फिरवायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे काम एका बटणावर आलं. मात्र आपल्याकडे हँडल पुढं कित्येक दशकं टिकलं. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या डिकीत जॅक-पान्ह्यांबरोबर ते असायचंच. बॅटरी उतरली तर उपयोगी पडावं म्हणून ते दिलेलं होतं, पण त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा होता. सेल्फ घेत नसलेली गाडी हँडलवर सुरू झाली, तर दोष बॅटरी, सेल्फ किंवा त्यांच्यामधल्या केबलमध्ये. हँडलवरही सुरू झाली नाही, तर दोष स्पार्कमध्ये किंवा पेट्रोलमध्ये. म्हणजे निम्म्या शक्यता जागच्या जागी बाद, आणि तेही ज्या क्षणी बिघाड हजर आहे नेमक्या त्याच क्षणी. निदानाचं पहिलं पाऊल मालकाच्या किंवा ड्रायव्हरच्या हातात होतं, त्यासाठी गाडी कुठं ओढून न्यायची गरज नव्हती. गाड्यांमधून हँडल गेलं, त्याबरोबर हेही गेलं.

या काळातला दुरुस्तीचा धंदा मुंबईत कसा वाढला, हे मोटार कारखान्यांच्या इतिहासाशी बांधलेलं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, फोर्डनंही मुंबईत जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. नुसती जुळणी करणाऱ्या आणि इथे उत्पादन करायला तयार नसलेल्या कंपन्यांना सरकारी धोरणानुसार पन्नाशीच्या दशकात गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही गेल्या. त्यानंतर सुमारे तीस वर्षं मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर मोजकीच मॉडेलं फिरली. कुर्ल्याची फियाट, जी सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर ही त्यांतली मुख्य. परमिट राजमध्ये गिऱ्हाइकाची जी कुचंबणा झाली, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण मिस्त्रीच्या दृष्टीनं पाहिलं, तर तीस वर्षं फियाटचं तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच डिस्ट्रिब्युटर, तोच डायफ्रामचा पेट्रोल पंप. एकाच यंत्राच्या खोड्या हजार वेळा पाहायला मिळाल्या की त्या पाठ होतात.

त्या खोड्यांतली सगळ्यांत नामचीन म्हणजे उन्हाळ्यातला घाट. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढून गाडी थांबवली की पाच मिनिटांनी ती सुरू होत नसे. तापलेल्या इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होई. पंपाचा पडदा द्रव ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते. कार्ब्युरेटरपर्यंत थेंब पोचत नाही. उपाय म्हणजे बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट पाहायची. अर्ध्या तासानं गाडी निमूट सुरू होई, आणि मुंबईत परतून गॅरेजमध्ये दाखवली तर दोष औषधालाही सापडत नसे. पावसाळ्यात हीच गत डिस्ट्रिब्युटरची. कॅपला डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर असली की दमट हवेत स्पार्क त्या चिरेतून पळायचा, कोरड्या दुपारी सगळं ठीक. मिस्त्री हे ओळखायचा ते कुठल्या उपकरणानं नव्हे. तो विचारायचा: गाडी गरम होती का, किती वेळ उभी होती, पाऊस होता का, सेल्फ फिरत होता की नुसता टकटकत होता? चार प्रश्नांत निम्मं निदान व्हायचं. प्रश्न विचारणारा कान आणि पान्हा धरणारा हात एकाच माणसाचे होते. तीच गाडी पुढच्या महिन्यात त्याच्याकडेच येणार असल्यानं मागच्या वेळी काय केलं होतं हेही त्याच्या डोक्यात असायचं.

या स्मरणाचं महत्त्व कळायला आजचं एक सर्रास उदाहरण जवळून पाहावं. सेल्फ इंजिन फिरवतो तेव्हा छोट्या मोटारीतही शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची केबल जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं गंज चढून ०.०२ ओहम एवढाच विरोध तयार झाला असं धरू. दीडशे अँपिअरला त्या एका जोडावर ३ व्होल्ट गळतात. बाराच्या बॅटरीतून सेल्फला नऊच्या आसपास मिळतात, आणि सेल्फ कण्हतो किंवा नुसता टक् करतो. हॉर्न, दिवे, काचा मात्र व्यवस्थित चालतात, कारण त्यांना लागणारा प्रवाह किरकोळ असतो. मीटरवर बॅटरी मोजली तर आकडा नीटच दिसतो. आता कोणी नवी बॅटरी बसवली, तर तिच्या ताज्या जोरावर गाडी तीन-चार आठवडे सुरू होत राहते. बॅटरी बदलताना केबल हलली आणि गंज थोडा खरवडला गेला, एवढंही पुरतं. गिऱ्हाईक खूश, सर्व्हिस सेंटर खूश, आणि कागदावर नोंद होते की बॅटरी खराब होती. अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी लबाडी इथं आहे. चुकीची दुरुस्तीसुद्धा तो काही दिवस खरी ठरवून देतो. ही लबाडी उघडी पडायची तर पहिली दुरुस्ती करणाऱ्यालाच दुसऱ्या वेळी गाडी दिसायला हवी, आणि जोडावरची व्होल्टेजची घसरण सेल्फ मारत असताना मोजायला दहा-पंधरा मिनिटं मोकळी हवीत.

ही मिनिटं धंद्यातून कशी गेली, याची कथा अमेरिकेत सुरू होते. फोर्डनं कारखान्यात जे साधलं तेच दुरुस्तीत साधायचा प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर केला. प्रत्येक कामाला ठरावीक वेळ आणि ठरावीक मजुरी असा तक्ता त्यांनी डीलरांसमोर ठेवला. गिऱ्हाइकाला आधी किंमत कळावी, हा त्यामागचा हेतू रास्त होता, कारण त्या काळी गॅरेजवाल्यांच्या मनमानी बिलांनी लोक जेरीस आले होते. इतिहासकार स्टीफन मॅकिंटायर यांनी दाखवलं आहे की हा प्रयत्न बऱ्याच अंशी फसला. कारखान्यात प्रत्येक गाडी सारखी असते, गॅरेजात आलेली प्रत्येक गाडी वेगळ्या तऱ्हेनं झिजलेली असते. पण ठरावीक मजुरीचा तक्ता मात्र टिकला आणि पुढं वॉरंटीच्या कामाचा कणा झाला. सेल्फ बदलायला इतका वेळ, क्लच बदलायला तितका वेळ, आणि तेवढ्याचेच पैसे कंपनी डीलरला देणार. या तक्त्यात भाग बदलण्याला भाव आहे, शोधण्याला जवळजवळ नाही. दोन तास खपून सैल अर्थ आवळणारा टेक्निशियन डीलरला तोट्यात घालतो, आणि वीस मिनिटांत न बिघडलेला भाग बदलणारा कमाई करून देतो. यात कोणाच्या नीतीचा प्रश्नच येत नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे.

आपल्याकडे हा हिशेब मारुतीबरोबर आला. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली, आणि गाडीबरोबर नेमलेली सर्व्हिस स्टेशनं, छापील वेळापत्रक आणि जॉब कार्डही आलं. आधीच्या अंधाधुंदीच्या मानानं ही मोठी सुधारणा होती, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. पण जॉब कार्डानं एक गोष्ट केली. तक्रार ऐकणारा आता सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर झाला आणि काम करणारा आत शेडमध्ये राहिला. गिऱ्हाईक सांगतो की लांबचा प्रवास करून पेट्रोल पंपावर थांबलो की दहा मिनिटं गाडी सुरू होत नाही. कार्डावर उतरतं ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक’. आत काम करणाऱ्याला दोषापर्यंत नेणारे ‘लांबचा प्रवास’ आणि ‘दहा मिनिटं’ हे दोनच शब्द होते, आणि ते काउंटरवर गळाले. ते पोचले असते, तर तापल्यावर बंद पडणारा क्रँक सेन्सर ही शक्यता पहिल्यांदा डोक्यात आली असती. शेडमध्ये थंड पडलेल्या गाडीत तो सेन्सर निर्दोष असतो.

मग स्कॅनर आला. भारतात एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चारच्या गाड्यांत आणि २०१३ पासून अधिक काटेकोरपणे, गाडीनं स्वतःचे दोष नोंदवावेत अशी ओबीडी व्यवस्था सक्तीची झाली. लोकांची समजूत अशी की स्कॅनर लावला म्हणजे गाडीची नाडी कळली. प्रत्यक्षात ही व्यवस्था जन्मली ती धूर ताब्यात ठेवण्यासाठी. गाडीचा संगणक बहुतेक दोषांची पक्की नोंद लागोपाठ दोन फेऱ्यांत तो दिसल्यावरच करतो, म्हणजे किरकोळ झटक्यानं दिवा पेटू नये. त्यामुळे हुलकावणी देणारा दोष तिथं नोंदलाच जाईल याची खात्री नसते. गंजलेला अर्थ किंवा सेल्फच्या सोलेनॉइडमधला झिजलेला कॉन्टॅक्ट अनेक गाड्यांत संगणकाला दिसतच नाही. भरीला, गाडी अडली म्हणून कोणी बॅटरीची वायर काढून लावली, तर होती ती नोंदही बऱ्याच गाड्यांत पुसली जाते. ‘कोड नाही’ याचा अर्थ पुरावा सापडला नाही एवढाच. सर्व्हिस सेंटरमध्ये तो ‘दोष नाही’ असा वाचला जातो.

हे सगळं छोट्या कटकटींपुरतं राहिलं असतं, तर इतका ऊहापोह करण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेतली दोन प्रकरणं दाखवतात की पाणी किती खोल जाऊ शकतं. १९८३ पासून फोर्डनं लाखो गाड्यांत इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवलं. तिथली उष्णता त्याला सोसत नसे. गाडी तापली की चालता चालता बंद पडे, थंड होईपर्यंत सुरू होत नसे, आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत शहाण्यासारखी वागे. सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या चौकश्या झाल्या, पण त्या गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत. अखेर २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशांनी कंपनीनं माहिती दडवल्याचा ठपका ठेवून गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. कंपनीनं आरोप नाकारला आणि पुढच्या वर्षी तडजोड केली. दुसरं प्रकरण जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्यांमधल्या किल्लीच्या स्विचचं. तो मधूनच सरकून इंजिन बंद करी आणि एअरबॅगही निकामी होई. २००५ मध्ये डीलरांना कळवलं गेलं ते एवढंच, की गिऱ्हाइकांना किल्लीच्या जुडग्यातलं जड सामान काढायला सांगा. पुढं स्विच गुपचूप सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुन्यानव्यातला फरक कागदपत्रांतून कोणालाच दिसेना. तो दिसला एका अपघाताच्या खटल्यात वकिलानं नेमलेल्या अभियंत्याला, ज्यानं जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले. २०१४ मध्ये त्या स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि भरपाईच्या निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीकडे अभियंत्यांची फौज होती, डीलरांचं जाळं होतं, तरी शोध लावला बाहेरच्या माणसानं, कारण त्याच्या शोधायच्या वेळेचे पैसे कोणीतरी देत होतं.

मग बाहेरच्या माणसाकडेच का जाऊ नये? इथं धंद्याच्या इतिहासातलं अलीकडचं वळण येतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळतात, पण आजच्या गाडीला सर्किटचे नकाशे, कंपनीचं सॉफ्टवेअर आणि किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरचे कोड लागतात, आणि ते कंपनीच्या जाळ्याबाहेर मिळत नाहीत. २०११ मध्ये ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढं गेली. २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करा, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. तीन कंपन्यांच्या बाबतीत अपील न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड सगळ्या उलाढालीऐवजी सुटे भाग आणि दुरुस्तीच्या उलाढालीवर मोजायला सांगितला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. पोर्टल हे चांगलंच पाऊल आहे, मात्र माहिती देण्याची सक्ती आणि ती ठेवण्याची सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यावर कंपन्यांचा आक्षेप असा की अर्धशिक्षित हातात ही साधनं गेली तर गाडी असुरक्षित होईल आणि किल्लीचे कोड चोरांना मिळतील. किल्लीच्या कोडपुरता हा मुद्दा खरा आहे, तिथं ओळख पटवून नोंद ठेवण्याची अट घालता येईल. पण सर्किटचा नकाशा वाचून कोणी गाडी चोरत नाही. आणि हात अर्धशिक्षित राहतात ते शिकण्याची साधनं बंद असतात म्हणूनही. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडलेल्या मुलाला नव्या गाडीचं मॅन्युअलच मिळत नसेल, तर तो अंदाजानंच काम करणार. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. हे जुन्या मिस्त्र्यांचे गोडवे गाणं झालं, असं कोणी म्हणेल. तेही अंदाजानं भाग बदलायचे, जुने भाग नवे म्हणून लावायचे, आणि पद्मिनी जेवढी रस्त्यात अडायची तेवढी आजची गाडी अडत नाही. हे सगळं खरं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनाला घाटात ओलं फडकं लागत नाही, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची गेली याचं दुःख तिच्यात भर उन्हात अडकलेल्या प्रवाशानं मानायचं कारण नाही. माझा मुद्दा मिस्त्री हुशार होता असा नाही. त्याची कमाई दोष सापडण्यावर अवलंबून होती, एवढाच आहे. टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली की एक दिवसाची रोजी बुडे. दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन तो आला की मिस्त्रीची मजुरीही बुडे आणि नावही. आज तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की नवं जॉब कार्ड उघडतं आणि वॉरंटी संपलेली असेल तर नवं बिलही.

कायदाही या दोषापुढं लंगडा पडतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि आता २०१९ च्या कायद्यात, दोष नुसता पाहून कळत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवण्याची तरतूद आहे. पण तपासणीच्या दिवशी गाडी सुरू झाली की अहवाल कोरा येतो. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका मोटार प्रकरणात ठरवलं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती आहे, त्यावरून आख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गोव्यातल्या एका खरेदीदाराच्या प्रकरणात २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की डीलरच्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे दाखवल्याशिवाय त्याचा भार कंपनीवर टाकता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक डीलर आणि कंपनी यांच्यामध्ये टोलवला जातो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं १९८२ मध्येच यातून वाट काढली. तोच दोष चार प्रयत्नांत गेला नाही, किंवा गाडी दुरुस्तीपायी तीस दिवस अडकून राहिली, तर कायदा ती सदोष धरतो आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. दोष नेमका कुठं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावरून उतरतं. चुकीच्या निदानाचा खर्च प्रथमच निदान करणाऱ्याच्या अंगावर पडतो, आणि तसा तो पडला की शोधायला वेळ देणं परवडू लागतं.

भारतात असा कायदा व्हायला हवा, आणि निदानाच्या वेळेला वॉरंटीच्या तक्त्यात वेगळी मजुरी मिळायला हवी. या दोन्ही मागण्या ग्राहक पंचायतींनी लावून धरण्यासारख्या आहेत. तोवर मालकाच्या हाती आहे ते पुरावा जपणं. गाडी अडेल तेव्हा बॅटरीची वायर काढू नका. सेल्फचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. गाडी गरम होती की थंड, किती वेळ उभी होती, दिवे मंद झाले का, हे तारखेसह लिहा. आणि जॉब कार्डावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावर सही करू नका. तुमचं पूर्ण वाक्य तिथं उतरवून घ्या आणि प्रत्येक वेळची प्रत जपून ठेवा. ग्राहक आयोगापुढं तुमच्या बाजूनं बोलेल असा कागद बहुधा तेवढाच असतो.